टिचकीचा डाव

धर्मपालनं टिचकी मारली. तांबडा फासा पाटावरून घसरत गेला, वामनरावांच्या हिरव्या फाशाला धडकला आणि त्याला बाहेर ढकलून स्वतः वर्तुळात बसला. वर पाच ठिपके.

"पाच," हेडमास्तरांच्या पत्नी शोभावहिनी म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. "गुरुजी, तुमचं बोट आहे का गुलेल?"

"यायले कायले बोलावलं राजेहो," पोस्टमास्तर वामनराव हेडमास्तरांना म्हणाले. "आपला धुव्वा उडवून राह्यले."

खेळ हेडमास्तर मधुसूदनरावांनी घरीच केलेला. जुन्या ड्रॉइंग बोर्डाला कामट्या ठोकून कडा, मध्ये रंगानं काढलेलं वर्तुळ, आणि सुताराकडून घडवून घेतलेले सागवानी फासे. चौघांचे चार रंग, प्रत्येकाला चार फासे. टिचकीनं फासा वर्तुळात थांबवायचा, वर येईल तो आकडा आपला. वहिनी हसल्या की नेम चुकायचा, आणि त्या मुद्दाम हसायच्या. एकदा धर्मपालचाही नेम चुकला. फासा कड ओलांडून उडाला तो सापडेचना. सगळ्यांनी सतरंजी झटकली, आणि शेवटी हसत हसत डाव मोडला.

ढाणकीच्या शाळेत येऊन धर्मपालला आठ महिने झाले होते. पाच वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या माणसाला गावात खोली मिळाली ती बौद्धपुऱ्याच्या टोकाला. तिथली माणसं तो दिसला की गुरुजी म्हणून बाजेवरून उठून उभी राहायची, त्यामुळे तिथंही कुणाशी मोकळ्या गप्पा होत नव्हत्या. रविवारी तो शर्ट धुवायचा, वाळेपर्यंत झोपायचा, उठून वाळलेला शर्ट पुन्हा एकदा झटकायचा. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्याला 'घरी या' म्हटलं होतं. हेडमास्तरांनी त्याला सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं. वहिनींनी चिवड्याची बशी त्याच्यापुढे दुसऱ्यांदा भरली.

खोलीवर येऊन पँट बदलताना काहीतरी टणकन फरशीवर पडलं. हरवलेला तांबडा फासा. पँटच्या खालच्या दुमडीत जाऊन बसला होता. धर्मपाल एकटाच मोठ्यानं हसला.

फासा उद्या शाळेत हेडमास्तरांना देता आला असता. पण ऊन अजून भिंतीवर होतं, आणि एका दिवसात दोनदा त्या घरी जायला कारण मिळालं होतं. त्यानं पुन्हा पँट चढवली. वाटेत तो वाक्य जुळवत राहिला. 'वहिनी, चोर स्वतःच हजर झाला.' की 'मुद्देमालासह हजर झाला'? दुसरं जास्त बरं वाटलं.

हेडमास्तर वामनरावांना पोचवायला गेले होते. पुढचं दार उघडं होतं, ओसरीत कुणी नव्हतं. अंगणाच्या कडेला पाण्याचा आवाज येत होता म्हणून तो तिकडे वळला.

पाट भिंतीला टेकवून ठेवला होता, ओलाचिंब. सतरंजी दोरीवर निथळत होती. शोभावहिनी घमेल्यापुढे उकिडव्या बसून फासे धूत होत्या. एकेक फासा दोन बोटांनी घासायचा, पाण्यातून काढायचा, सुपात ठेवायचा. पाण्याला किंचित रंग चढला होता.

त्यांनी मान वर केली.

जुळवलेलं वाक्य धर्मपालला आठवलं, पण ते आता कामाचं नव्हतं.

"तेलकट झालते," वहिनी म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. "चिवड्याचं तेल. लवकर निघत नाही." एवढं बोलूनही त्या तशाच बघत राहिल्या, तेव्हा त्यानं आणखी म्हटलं, "सतरंजीलाही लागलं असेल."

मग त्यानं मूठ उघडून हात पुढे केला. "हा माझ्याकडे आलता. पँटमध्ये."

वहिनींचा ओला हात वर आला आणि मध्येच थांबला. तास-दीड तास त्या त्याच्यासमोर बसून खेळल्या होत्या, त्याच्या प्रत्येक आकड्याला हसल्या होत्या. ते हसणं खोटं नव्हतं, हे त्याला आत्ताही पटत होतं. त्यांनी हात खाली घेतला आणि घमेलं दोन बोटं त्याच्याकडे सरकवलं.

त्यानं वाकून फासा पाण्यात सोडला. तो बुडाला नाही. एकदा कलंडला आणि तरंगत राहिला.

"पुढच्या रविवारी या बरं," वहिनी घमेल्यात बघत म्हणाल्या.

"येईन," धर्मपाल म्हणाला.

आठवडाभर शाळेत हेडमास्तर भेटेल त्याला त्या डावाबद्दल सांगत होते. "आमच्या धर्मपाल गुरुजींचा नेम पाहा एकदा," असं म्हणून ते स्वतःच हवेत टिचकी मारून दाखवायचे. त्यांना काही ठाऊक नव्हतं. धर्मपालनंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हवेतल्या टिचक्याही थांबल्या असत्या.

रविवारी चार वाजले तरी तो गेला नाही, तेव्हा हेडमास्तर स्वतःच त्याच्या खोलीवर आले. बौद्धपुऱ्यातली माणसं उठून उभी राहिली. त्यांना बसा बसा म्हणत ते दारापाशी पोचले.

"चला गुरुजी. वामनराव केव्हाचे येऊन बसले. घरातूनही दोनदा विचारून झालं, गुरुजी काहून आले नाही म्हणून."

धर्मपाल परातीपुढून उठून दारात आला. दोन्ही हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठानं भरले होते.

"आज नको, सर," तो म्हणाला. "हात खराब आहेत."

मधुसूदनराव मनापासून हसले. "हात न? धुतले का झालं. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. दाराबाहेरच्या दगडावर बसून त्यांनी पानाचा डबा काढला.

धर्मपाल आत गेला. दोन भाकरींचं पीठ मळून झालं होतं. तो परातीपुढे बसला आणि डब्यातून आणखी दोन मुठी पीठ घेतलं.