तिसरी चावी

"लेमन, पोटॅटो, बटर…" रेकॉर्डिंगमधून आईचा आवाज शांतपणे शब्द सांगत होता आणि गौरवच्या पायाखालची वाळू सरकत होती.

सँडीफोर्डच्या ऑफिसात त्याच्या समोर नेत्रा बसली होती. गौरवच्या प्लॅटफॉर्मवर लोक बँकेला मध्ये न घेता एकमेकांना परस्पर कर्ज देत. हा प्लॅटफॉर्म कितपत सुरक्षित आहे, हे तपासायला ती आली होती. तिने नापास केलं की तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

प्लॅटफॉर्मच्या डिजिटल तिजोरीला तीन चाव्या. चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. एक गौरवकडे, दुसरी पार्टनर विक्रांतकडे आणि तिसरी ॲडम्सटाउनला घरी आईकडे, म्हणजे पद्मिनीकाकूंकडे. आईचे शब्द गौरवलाही ठाऊक नव्हते. नियमच तसा होता. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं विक्रांतने शंभरदा बजावलं होतं. ऐकतोय कोण? आता भोगा म्हणावं.

नेत्राने काल कंपनीचं नाव सांगून आईला खोटा फोन केला होता. आधी आईनेच म्हणे तिची उलटतपासणी घेतली. पूर्ण नाव, गाव, घरी कोण कोण, जन्मतारीख, अगदी वेळेसकट. चाळीस मिनिटं! संशय नको म्हणून नेत्राने सगळं खरंखरं सांगून टाकलं. मग कुठे शब्द मिळाले.

गौरवने कपाळाला हात लावला. "म्हणजे आम्ही नापास?"

"शब्द टाकून बघितले," नेत्रा हसली. "चावी लागलीच नाही. बाराच्या बारा खोटे. तुमची आई एकदम ग्रँड आहे. पास!"

गौरवला नाचावंसं वाटलं. त्याने तिथूनच आईला फोन लावला. नेत्रालाही काकूंचं कौतुक करायचं होतं, म्हणून स्पीकर चालू केला.

"आई, कालच्या फोनवर काय सांगितलंस गं?"

"तुला सामान आणायला लिहून ठेवलेली यादी वाचली. बटर विसरू नकोस. लबाडी तर मला पहिल्या मिनिटालाच कळली होती."

"मग लगेच फोन का नाही ठेवलास?"

"ठेवला असता तर पत्रिका कशी जुळवली असती? छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतायत. मुलगी गोड आहे रे, जरा खोटं बोलते एवढंच."