वर घे

"वर घे," सासरे म्हणाले, आणि सुनेने टॅक्सी चढाला लावली.

"झालं! तळं काय डोंगरावर आहे?"

"तुम्हीच वर म्हणालात, बाबा."

"वर म्हणजे तळ्याकडे. किती वेळा सांगायचं? पाहुणी ती पाहुणीच." सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

स्टँडवर सासऱ्यांना सगळे 'मीटर' म्हणत, कारण तोंड एकदा सुरू झालं की मुक्काम येईपर्यंत थांबत नसे. आता गुडघ्यांनी दगा दिला होता. क्लच दाबला की डोळ्यांसमोर काजवे चमकत. गाडी घ्यायला उद्या गिऱ्हाईक येणार होतं. सुनेने मात्र हट्टच धरला, गाडी विकू नका, मी चालवते. लायसन्स होतं, हातही बसलेला होता. सासऱ्यांची अट एकच: मला शहर फिरवून दाखव. जमलं तर किल्ली तुझी.

घोडं अडलं होतं ते एका शब्दापाशी. या शहरात तळ्याच्या दिशेला 'वर' म्हणतात, आणि रस्ता तर तिकडे उतरत जातो. पोलाद कारखान्याच्या जुन्या भट्ट्या खोल खड्ड्यांत होत्या. पाळी सुटली की माणसं खड्ड्यातून वर यायची आणि तशीच काळ्या तोंडाने तळ्यावर अंग धुवायला जायची. वर येणं आणि तळ्यावर जाणं एकच होऊन बसलं. खड्डे कधीच बुजवले, शब्द राहिला. 'चला, तुम्हाला वर पोचवतो,' असं टॅक्सीवाला हसत हसत म्हणाला की परगावच्या माणसाचा चेहरा उतरतो. सून सपाट मुलखातली. लग्न होऊन आल्यापासून ती या शब्दावर अडखळत होती.

गाडी वळवून ती दोर गल्लीतून निघाली. मीटर सुरू झालं. "इथे जहाजांचे दोर वळायचे. दोर जेवढा लांब, तेवढी गल्ली लांब. म्हणून इतकी सरळ. उगाच नाही आखली." पुढे काच वस्ती आली. तिथल्या घरांच्या भिंतींत फुटक्या बाटल्यांचे हिरवे-निळे तुकडे बसवलेले आहेत, आणि उन्हात सगळा रस्ता चमकतो. मग राख टेकडी. भट्ट्यांची राख टाकता टाकता उभी राहिलेली टेकडी. आता तिच्यावर घरं आहेत, शाळा आहे, आंब्याची मोठी झाडं आहेत.

"बाकीच्या शहरांना टेकड्या आयत्या मिळाल्या," सासरे म्हणाले. "ही आम्ही केली."

माथ्यावर तिने गाडी थांबवली. एका अंगाला धुराडी, दुसऱ्या अंगाला पसरलेलं तळं. तिला हे शहर मनापासून आवडत होतं. ते कधी तिला आपलं म्हणेल का, एवढंच कळत नव्हतं.

"आता तळ्याच्या धक्क्यावर कशी जाशील? तोंडाने सांग."

"सरळ खाली," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

सासऱ्यांनी मान हलवली. "राहू दे. गाडी घरी घे. प्रवासी म्हणेल वर, आणि तू त्याला नेशील टेकडीवर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने गाडी टेकडीवरून खाली आणली. पायथ्याला रस्ता फुटतो, एक टेकडीवर चढतो, दुसरा दोर गल्लीकडे उतरतो. तिथे एक ट्रक शेजारी येऊन थांबला.

"ताई, तळ्याचा धक्का कुठे?"

"इथून वर जा. दोर गल्ली संपली की समोर धक्का." तिला लवकर घरी जायचं होतं.

ट्रकवाल्याने मान डोलावली आणि ट्रक टेकडीच्या चढाला लावला.

तिने हॉर्न दाबला. खिडकीतून अर्धी बाहेर येत ओरडली, "अहो, वर म्हटलं ना! वर! चढताय काय असे?"

ट्रक घरघरत चढतच गेला. ती धप्पकन सीटवर बसली.

"बाहेरचा दिसतोय," ती वैतागून म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग फोन काढला आणि गिऱ्हाइकाला लावला. मीटर आयुष्यात पहिल्यांदाच थोडक्यात आटपलं.

"उद्या येऊ नका. गाडीला इथलं माणूस मिळालं."