पयलं पाणी

मूल तालुक्यातल्या एका तलावाच्या पाण्यावर दोन गावांचं धान पिकतं. यंदा आसपासचे तलाव निम्म्यावरच राहिले, हा एकटा काठोकाठ भरला. सरपंच गुणवंतरावांना त्याचं कारण पक्कं ठाऊक होतं. त्यांचं अख्खं गाव महादेवाचा सोमवार पाळतं, त्या दिवशी शेतात औत नेत नाही. पलीकडचं गाव मात्र सोमवारीही खुशाल चिखलणी करतं. म्हणून रोवणीचं, म्हणजे धानाच्या लावणीचं, पहिलं पाणी आपल्यालाच मिळायला हवं, हे ठणकावून सांगायला ते चार माणसं घेऊन पलीकडे गेले.

तिथल्या सरपंच ठमाबाईंनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, तलाव देवानंच भरला, हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण आमचं गाव मंगळवार पाळते, माता मायचा. तुमच्याकडं तं मंगळवारीच ट्रॅक्टर फिरतात."

"मंग? पयलं पाणी तुमाले पायजे का?"

"तसं नाई जी. आमी दर मंगळवारी मातेले सांगतो, पल्याडचे लोक नासमज हायेत, त्याईले माफ कर. त्याईच्याही धानाले पाणी दे."

गुणवंतरावांना उरलेला चहा संपवायला बराच वेळ लागला. महादेवापुढे त्यांनी या गावाचं नाव आजवर फक्त तक्रारीसाठीच काढलं होतं.

 

"पयलं पाणी तुमीच घ्या, बाई," ते उठता उठता म्हणाले, "फक्त येत्या मंगळवारी आमचं नाव घ्याले भुलू नोका."