स्वच्छ पाणी

“तिच्या पोराला देताय ती सुई माझ्या पोरीलापण द्या,” सगुणा डॉक्टरीणबाईंच्या वाटेत आडवी उभी राहिली.

रत्नागिरीच्या दवाखान्यातला लहान मुलांचा वॉर्ड. शेजारशेजारच्या खाटांवर दोन तान्ही बाळं. दोघांनाही ताप, दोघांचीही टाळू फुगलेली, दोघांच्याही पाठीतलं पाणी काल काढून तपासायला दिलेलं. पलीकडच्या खाटेवर तुळसाच्या मुलाला सलाईन लावलेली, सुयांवर सुया चाललेल्या. सगुणाच्या मुलीच्या सुया मात्र आज सकाळी बंद झाल्या.

“अगं, त्याच्या पाण्यात पू निघाला. हिचं पाणी स्वच्छ आलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिचा मेंदूज्वर वेगळा, विषाणूचा. त्याला औषध नसतं. बहुतेक वेळा आपला आपण उतरतो. घेईल तेवढं पाजत राहा.”

“औषध नाय म्हंजे सोडलान हिला,” खाटेशी बसलेली सासू पुटपुटली. “मग हितं कशाला ऱ्हायचं? घरी जाऊया.”

सगुणा हलली नाही. मुलगी एका सुरात कण्हत होती; छातीशी धरली की तोंड फिरवत होती. पलीकडे तुळसा सलाईनच्या थेंबांकडे बघत बसली होती आणि सगुणा तुळसाकडे. एवढं औषध जातंय त्याच्या अंगात, तिला वाटत होतं.

दुपारी तुळसाचं बाळ आखडलं. नर्स धावली, डॉक्टरीणबाई धावल्या. बराच वेळ त्या खाटेवर वाकून होत्या. मग त्यांनी नळी काढून घेतली आणि तुळसाच्या खांद्यावर हात ठेवला.

तुळसा रडली नाही. तिच्यासोबत कोणी नव्हतं. दवाखान्याची गाडी लांब गेलीय, परत येईपर्यंत थांब, असं नर्स सांगत होती.

“याचा बापूस आज मुंबयसून येतोय, गणपतीला,” तुळसा म्हणाली. “त्यानं अजून याला बघलान नाय. उजेडात तोंड तरी दाखवते. यष्टीनं जाते.”

“यष्टीत असं पोर घेतील?” सगुणानं विचारलं.

“निजलाय म्हणून सांगेन.”

तिनं बाळाला लुगड्याच्या पटकुरात गुंडाळलं. पण त्याचं तोंड उघडं पडत होतं. तिनं हनुवटी वर लोटली; ती पुन्हा खाली आली. त्याचं टोपडं ओकारीनं भरलेलं म्हणून धुऊन खिडकीत टाकलेलं, ते पावसाळी हवेत ओलंच होतं. तुळसानं ते चाचपलं आणि तशीच उभी राहिली. सगुणाकडे तिनं पाहिलं नाही.

सगुणानं आपल्या मुलीच्या टोपड्याच्या नाड्या सोडल्या.

“काय करतेस गो!” सासूनं तिचं मनगट धरलं. “जित्या पोराच्या डोक्यावरचं मेल्याला घालतात? तुझी अजून वाचायची हाय!”

सगुणानं हात सोडवून घेतला. टोपडं तापानं गरम होतं. तिनं ते त्या बाळाला घातलं, हनुवटीखाली नाड्या घट्ट बांधल्या. तोंड मिटलं.

तुळसानं त्याच्याकडे पाहिलं, मग पलीकडे कण्हणाऱ्या मुलीकडे.

“तुझी होईल गो बरी,” ती म्हणाली. “तिला औषध नाय ना.”

ती गेली. सासू भिंतीकडे तोंड करून बसली. सगुणानं मुलीच्या उघड्या टाळूवर तळहात ठेवला. खाली ठोका लागत होता, जलद, बारीक. तो हाताला लागतच राहिला; तिनं हात काढला नाही. तशीच वाकून तिनं खिडकीतून पाहिलं.

तुळसा पिशवी काखेला लावून फाटकापर्यंत पोचली होती. समोरून दोन बायका आल्या, तशी तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि थोपटायला लागली. बायका निघून गेल्या. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं, तरी ती थोपटतच चालली होती.