रेस्तितूताचं नाव

"आई, माझं नाव कार्मेला का नाही?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, रविवारी सगळ्यांच्या देखत विचारून दाखव. रेस्तितूताने सशाच्या रश्शात पाव बुडवता बुडवता विचारून टाकलं.

इस्किया बेटावर पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव आणि दुसरीला आईच्या आईचं. ताई रीतसर फिलोमेना. मग धाकटी कार्मेलाच हवी होती. तिला मात्र गावच्या संतमाईचं नाव, तेही वर्गात दुसऱ्या कुणाचं नसलेलं.

"लॅटिनच्या बाई म्हणाल्या, अर्थ आहे 'परत दिलेली'. म्हणजे लहानपणी मी मरता मरता वाचले ना?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "जेव मुकाट्याने."

"सांगा की! उगाच का माझे एवढे लाड?"

लाड होतेच. तिच्या केसांना कधी कात्री लागली नव्हती. आई रोज स्वतः विंचरायची. जड काम तिला कुणी सांगायचं नाही. लग्नासाठी भरतकाम केलेल्या चादरींची पेटी मात्र एकट्या ताईची. "तुला कशाला ते जुनाट?" आई म्हणायची. तिलाही ते पटायचं. तिला तर नेपल्सला जायचं होतं, जहाजावरचं शिक्षण घ्यायला. त्यावर आईचं एकच, "संतमाईची जत्रा होऊ दे, मग बघू."

"मरता मरता वाचली ती तू नाही, ताई," आई हळू आवाजात म्हणाली. "तापात हातची गेलीच होती. मी संतमाईला नवस बोलले. हिला जगव, पुढची मुलगी तुझी. पुढची तू. यंदाच्या जत्रेत तुझी वेणी वाहायची, मग मठातल्या सिस्टर तुला घेऊन जातील."

रेस्तितूताने ताईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"तोंड काय पाडतेस?" ताईने सातव्या महिन्याच्या पोटावरून हात फिरवला. "मठात परीक्षा नसतात!"

रेस्तितूताही हसली. उठून आत गेली. रडेल नि गप्प होईल, असं आईला वाटलं.

ती बाहेर आली ती मुलासारखे आखूड केस घेऊन. कापलेली वेणी तिने ताईच्या मांडीवर अलगद ठेवली.

"आई, बाबा, ठरलं माझं. उद्याच्या बोटीने मी नेपल्सला चालले. संतमाईला दिलेलं मी परत घेतलंय. आता तिने दिलेलं तिने परत घ्यायचं की नाही, ते तिचं ती बघेल. ताई, जपून हं."