जास्तीची ओळ

“ही ओळ मी काढतेय, अप्पा,” हरिणी लॅपटॉपवरून नजर न हलवता म्हणाली.

“नको काढूस.” गिरीधर दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन झोपाळ्यावर बसले होते.

आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोड लिहायला एक छोटा एडिटर बनवला होता. तांबरमच्या एका कॉलेजात पोरं तो वापरायची. त्यातल्या एका चुकीचं मूळ इतकी वर्षं दडून राहिलं आणि आज हरिणीला सापडलं. लागोपाठ आलेलं तेच अक्षर गाळणारं एक फंक्शन त्या ओळीमुळे कीबोर्डच्या प्रत्येक कळीला विनाकारण बोलावलं जात होतं. घाईत अधिकचं चिन्ह दोनदा दाबलं तर एकच उमटायचं.

“पोरं हसतात तुमच्या एडिटरला. ठेवायचं कारण तरी सांगा.”

“मी लिहिलंय, हे पुरत नाही?”

“नाही.”

ते हसले. “एकदा तरी म्हण ना, ‘अप्पा, तुमचं खरं.’”

“असेल तेव्हा म्हणेन.”

“सरि, बरं. म्हणजे मला बरंच जगावं लागणार.”

हरिणीच्या आईने, जयवंतीने, अर्धाच भरलेला कॉफीचा टंबलर नवऱ्यापुढे ठेवला. हरिणी ऑफिसला निघेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

तेराव्यानंतर कॉलेजातले पद्मनाभ सर भेटायला आले. एडिटरचा विषय निघाला.

“राहू दे ती चूक,” ते म्हणाले. “त्यांची आठवण म्हणून.”

“चुकीला हार घालणार नाही मी, सर. अप्पांच्या नावाला कुणी हसलेलं मला चालायचं नाही.”

सर गेल्यावर तिने ती ओळ काढून टाकली.

दाबलेली प्रत्येक कळ एडिटर जशीच्या तशी साठवायचा. दुरुस्ती तपासायला तिने अप्पांच्या शेवटच्या दिवसाच्या कळा पुन्हा चालवल्या. पडद्यावर तिचंच नाव उमटलं. हहहररिणणणी. पुढचे शब्दही तसेच.

“काहीतरी चुकलं माझं,” ती पुटपुटली.

मागे उभी असलेली जयवंती पडद्याकडे पाहत राहिली. “हात स्थिर राहायचे नाहीत त्यांचे. दोन वर्षं त्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते,” ती म्हणाली. “तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना.”

हरिणीने ओळ होती तिथे परत ठेवली. कळा पुन्हा चालवल्या. हरिणी. स्वच्छ.

रिकाम्या झोपाळ्याकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, “अप्पा, तुमचं खरं.”