बुवांची चिठ्ठी

सहादेवबुवांनी हातात ठेवलेली चिठ्ठी राधाकृष्णानं उघडली नाही. चार घड्या होत्या, तशीच मुठीत धरून तो मंडपातून घरी आला.

काल्याचं कीर्तन नुकतंच उरकलं होतं. सात दिवस गाव कसं नामात न्हाऊन निघालं होतं. बुवांनी हंडी फोडली, काला वाटला आणि नेमाप्रमाणं हनुमान जयंतीपर्यंतचं मौन धरलं. त्यानंतर त्यांची बहीण चांगुणा गर्दीतून वाट काढत आली आणि बराच वेळ त्यांच्या कानाशी लागली. बुवांनी तिथंच कागद मागवला, दोन ओळी लिहिल्या. राधाकृष्ण पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळी बुक्का लावला, चिठ्ठी दिली आणि खांबाला टेकून बसलेल्या आपल्या भाच्याकडं, गहिनीनाथाकडं बोट दाखवलं. वर हातही जोडले.

गुरूनं शिष्यापुढं हात जोडावेत, याचा अर्थ राधाकृष्णाला कुणी फोडून सांगायला नको होता.

तो गावचा सरपंच. बहात्तरचा पाऊस तोंड न दाखवताच गेला होता, आणि आता चैत्रात प्यायच्या पाण्याची एकच विहीर उरली होती. पंचायतीनं तिच्यावर नवं इंजिन बसवलं होतं. ते चालवायला बारमाही पगारी माणूस दुसऱ्या दिवशी निवडायचा होता. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत असताना अशी नोकरी म्हणजे घरबसल्या देव भेटल्यासारखं.

"गुरूच्या हातचा कागद हाय. वाचा तर," त्याची बायको केशरबाई म्हणाली.

"वाचला की पाळावा लागंल. आन बुवाच कीर्तनात सांगत्यात, तराजूला सोयरा नसतो."

"मग फाडून टाका की."

"हात धजत न्हाई गं."

न वाचवे, न फाडवे. शेवटी त्यानं चिठ्ठी देवघरातल्या ज्ञानेश्वरीत ठेवली, पोथीला नमस्कार केला आणि जेवायला बसला.

सकाळी विहिरीवर माणसं जमली. पाणी पार तळाला गेलेलं, म्हणून इंजिन खाली, आतल्या दगडी कट्ट्यावर उतरवलं होतं. कट्टा दोन हात रुंद. पुढं सरळ खोल.

सतरा जणांनी अर्ज केला होता, पण इंजिनाची माहिती दोघांनाच होती. एक बाबाजान, तिसगावच्या कारखानदाराकडं दोन वर्षं राबलेला. दुसरा गहिनीनाथ. बाविशीचा, हळू बोलणारा, भुवईवर जुनी खोक.

"परीक्षा कशाला घेताय, सरपंच?" बाबाजान म्हणाला. "बुवांचा भाचा उभा हाय. आमी निस्त्या टाळ्या वाजवून जातो घरी."

माणसं हसली. राधाकृष्ण मात्र हसला नाही.

"चिठ्ठी आली हाय, खोटं कशाला बोलू? पन ती पोथीत हाय, घडीबी मोडली न्हाई. जो पयल्या झटक्यात इंजिन लावंल, त्याचं काम. मग तो कुनाचा का असंना."

बाबाजान उतरला. तिसऱ्यांदा हँडल मारलं तेव्हा कुठं इंजिन धडधडलं. ते बंद केल्यावर गहिनीनाथ उतरला. डिझेल पाहिलं, कान लावला, हँडल फिरवलं. पहिल्याच झटक्यात काळा धूर वर आला.

"लई सफाई हाय की रं," राधाकृष्ण म्हणाला. "कुठं शिकलास?"

"राहुरीकडं हुतो वरीसभर, बागाईतदाराकडं."

"मग सोडलंस का?"

गहिनीनाथानं खाली पाहिलं. "आईला करमत न्हाई."

पुन्हा हशा झाला. बाबाजाननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं गड्या. चिठ्ठीबिठ्ठी काय न्हाई, हात हाय तुझा."

हे ऐकून राधाकृष्णाच्या जिवाला थंडावा आला. गुरूचा शब्दही मोडला नाही आणि न्यायही झाला. पांडुरंगानंच दोन्ही पारडी सावरली म्हणायची.

माणसं पांगल्यावर चांगुणा जवळ आली. पदराच्या गाठीला कांदा बांधलेला. ऊनच तसं होतं. गावात निम्म्या माणसांच्या खिशात कांदा असायचा.

"दादाची चिठ्ठी," ती चाचरत म्हणाली, "वाचली का तुमी?"

"न्हाई, आक्का. मनातबी आनली न्हाई. पोरगं आपल्या हिमतीवर लागलं."

तिनं एकदम त्याच्या पायांवर डोकं टेकलं. उठेचना, नुसती रडत राहिली. राधाकृष्णाचेही डोळे भरून आले. भाऊ एवढा मोठा बुवा, पण बाईला त्याच्या वशिल्याची भाकर नको होती.

"उद्यापास्नं मी बसत जाईन काठाला," डोळे पुसत ती म्हणाली. "सोबत म्हनून."

"मावशे, तीट लावून पाठव की त्याला," जाता जाता बाबाजान म्हणाला. ती गाठीतला कांदा चाचपत विहिरीत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी राधाकृष्ण अंघोळ करून पोथीला बसला. विहीर घरामागंच. इंजिन एका लयीत चाललं होतं, एखाद्या कसलेल्या पखवाजासारखं. हौदावर बायांच्या घागरी वाजत होत्या.

"गहिनी," चांगुणाची हाक आली.

भाकरीला बोलवत असंल, असं मनाशी म्हणून राधाकृष्णानं पोथी उघडली. चिठ्ठी समोरच होती. निवड तर झाली. आता वाचायला काय हरकत? उलट गुरूचं मन आपोआप राखलं गेलं, याचाच आनंद. त्यानं कागद आधी कपाळाला लावला.

"गहिनी, ए गहिनी!" इंजिनाच्या आवाजात खाली हाक कुठली पोचायला. "आरं गहिन्या!"

तो स्वतःशीच हसला आणि चार घड्या एकेक करून उलगडल्या.

'राधाकृष्णा, मौन आहे म्हणून लिहितो. माझा भाचा म्हणून तू गहिनीला काम देशील. हात जोडतो, देऊ नकोस. त्याला फेफरं येतं, विहिरीत उतरवू नकोस.'